चवदार तळ्याचा काठ कोणाच्या मालकीचा? विसरलेल्या खटल्याची गोष्ट



२० मार्च १९२७ ही तारीख आपल्या वस्तीतल्या लहान पोरालाही पाठ असते. २५ डिसेंबर १९२७ हीसुद्धा तशीच. पण १७ मार्च १९३७ ला काय झाले, असे विचारले तर व्यासपीठावरचे वक्तेही एकमेकांकडे बघू लागतात. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याच्या खटल्याचा शेवटचा निकाल दिला. बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले त्याला दहा वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा फक्त तीन दिवस कमी होते. ओंजळ भरायला एक क्षण लागला. ती ओंजळ कायद्याने योग्य होती, हे सिद्ध करायला सव्वानऊ वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

आपण सत्याग्रहाचे पोवाडे गातो, मनुस्मृती दहनाचा दिवस पाळतो, आणि ते योग्यच आहे. पण खटला आपण विसरलो. तो विसरल्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट आपल्या नजरेतून सुटली, असे माझे स्पष्ट मत आहे. महाडचा लढा पाण्याचा होता तसाच तो पाण्याच्या काठाचाही होता. काठावर घर कोणाचे, काठाची जमीन कोणाची, घाट कोणी बांधला, बांध कोणी घातला, आणि एवढे सगळे बांधणारा माणूस पाण्याचाही मालक होतो का, हा त्या खटल्यातला खरा प्रश्न होता. आज नांदेडला गोदावरीच्या काठावर घाट आणि भिंती उभ्या राहतात, कोकणात समुद्राला बंधारे घातले जातात, तेव्हा हाच प्रश्न नव्या कपड्यांत आपल्यासमोर येतो. म्हणून हा लेख.

तळ्याची जागा नीट बघा

महाडला आपण वीस मार्चला जातो, गर्दीत पुढे सरकतो, पाण्याला हात लावतो, कपाळाला लावतो आणि परततो. एकदा गर्दी नसताना जा आणि तळ्याभोवती सावकाश फिरा. उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात त्या काळच्या तळ्याचे जे वर्णन आहे ते मनात धरून फिरा.

तळे चार ते पाच एकरांचे. चारही बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते. रस्त्यांच्या पलीकडे सवर्ण हिंदूंची घरे, अगदी थोडी मुसलमानांची. या घरमालकांपैकी अनेकांच्या मालकीच्या जमिनीच्या पट्ट्या थेट तळ्याच्या कडेला होत्या. त्या पट्ट्यांवरून पाण्यात उतरायला घाट आणि पायऱ्या होत्या. काठ ढासळू नये म्हणून दगडी बांधकामाचे बांध घातलेले होते. आणि जवळपास अस्पृश्यांचे घर एकही नव्हते. तळे किमान अडीचशे वर्षांचे असल्याचे दोन्ही बाजूंना मान्य होते. पण ते कोणी खोदले, की ते मुळात निसर्गानेच तयार झालेले, याचा कोणताही पुरावा कोर्टासमोर आला नाही.

आजच्या बिल्डरच्या भाषेत याला 'वॉटरफ्रंट प्रॉपर्टी' म्हणतात. खिडकी उघडली की पाणी, दारातून उतरले की घाट, आणि आपली जमीन पाण्यात जाऊ नये म्हणून स्वतःचा बांध. महाडच्या सवर्णांची वहिवाट या दगडी काठावर उभी होती. अस्पृश्यांना तळ्यावरून हाकलायला धर्मग्रंथ होतेच. पण त्या ग्रंथांच्या पायाखाली चिरेबंदी बांधकाम होते, हे आपण लक्षात घेतले पाहिजे. काठाला घरांचा वेढा पडला की पाण्याकडे जाणारी प्रत्येक वाट कोणाच्या तरी अंगणातून जाते. मग दारावर 'बंदी' असे लिहिण्याचीही गरज उरत नाही.

ठराव, शुद्धी आणि माघार

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आणि राखलेल्या, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यात असलेल्या पाणवठ्यांचा, विहिरींचा, धर्मशाळांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, असा त्याचा आशय होता. ठरावातली कसोटी नीट बघा. तुमची जात कोणती, असा प्रश्न त्यात नाही. पैसा कोणाचा आणि ताबा कोणाचा, असा प्रश्न आहे. पैसा सर्वांचा असेल तर पाणी सर्वांचे. पुढच्या साऱ्या लढाईचे बीज या साध्या हिशोबात आहे.

महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. तीन वर्षांनी १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ही माणसे त्यामागे होती. दुसऱ्या दिवशी परिषदेतले लोक रांगेने तळ्यावर गेले आणि बाबासाहेबांनी पाणी घेतले. त्यानंतर जेवणाच्या पंगतीवर हल्ला झाला, आपल्या माणसांची डोकी फुटली, आणि सवर्णांनी शेण-गोमूत्राने तळ्याची 'शुद्धी' केली. ४ ऑगस्ट १९२७ ला, म्हणजे बोले ठरावाच्या बरोबर चौथ्या वाढदिवशी, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

मग बाबासाहेबांनी २५ डिसेंबरला पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. या वेळी विरोधक लाठ्या घेऊन आले नाहीत, दावा घेऊन आले.

बंदर खुले, घाट बंद

१२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या दिवाणी कोर्टात दावा दाखल झाला. दोनच दिवसांत, १४ डिसेंबरला, तात्पुरता मनाई हुकूम निघाला. सत्याग्रह अकरा दिवसांवर होता आणि मुंबईहून माणसे निघायच्या तयारीत होती.

त्या प्रवासातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. मुंबईची मंडळी 'पद्मावती' बोटीने निघाली आणि सावित्रीच्या खाडीतल्या दासगाव बंदरावर उतरली. धरमतरचा मार्ग जवळचा होता. पण धरमतरहून पुढे मोटारवाल्यांनी बसवून घ्यायला नकार दिला तर अडकून पडायची पाळी येणार होती. दासगावहून महाड पाच मैल. कोणी गाडी दिली नाही तरी पायी गाठता येईल, असा तो हिशोब होता.

म्हणजे बघा. बंदराच्या धक्क्यावर उतरताना आपल्या माणसांना कोणी अडवले नाही. पाच मैलांवरच्या तळ्याच्या घाटावर मात्र पाऊल ठेवायला कोर्टाची मनाई. दोन्ही पाण्याच्या कडेची बांधकामेच. धक्का दगडाचा, घाटही दगडाचा. मग फरक कशाचा? धक्का रहदारीचा होता, तिथे कोणाचे अंगण नव्हते. घाट घरांच्या वेढ्यात होता. दगड जात पाळत नाही. तो कोणाच्या ताब्यात आहे यावर त्याची जात ठरते.

परिषदेला महाडच्या सवर्णांनी जागा मिळू दिली नाही. ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी. तिथे मनुस्मृती जाळली गेली. जमलेल्या लोकांची तळ्यावर जायची तयारी होती, तुरुंगात जायचीही तयारी होती. बाबासाहेबांनी त्यांना थांबवले. सरकारशी आपले भांडण नाही, कोर्टाचा हुकूम आपण मोडायचा नाही, हक्क कोर्टातच सिद्ध करायचा, अशी त्यांची भूमिका होती. मिरवणूक गावातून आणि तळ्याच्या बाजूने गेली, पाण्याला हात न लावता परतली. त्या दिवशी कित्येकांचे डोळे भरून आले असतील. पण त्या संयमामुळेच काठाचा प्रश्न कोर्टात शेवटपर्यंत लढला गेला.

वादी काय म्हणत होते?

दावा सवर्ण हिंदूंच्या वतीने होता, आणि प्रतिवादी म्हणून बाबासाहेब व त्यांचे सहकारी अस्पृश्य समाजाच्या वतीने. तळे फक्त स्पृश्यांचे आहे असे जाहीर करा आणि अस्पृश्यांना तिथे जायला कायमची मनाई करा, अशी मागणी होती. तिच्यामागे दोन टेकू होते.

पहिला टेकू मालकीचा. हे तळे सार्वजनिक नाही, हे 'चौधरी तळे', आमच्या खाजगी मालकीचे. दुसरा टेकू रूढीचा. अनादि काळापासून इथे अस्पृश्य पाणी भरत नाहीत, म्हणून तसा कायदाच झाला आहे.

मालकीचा टेकू कोर्टात टिकला नाही. काठावरच्या पट्ट्या तुमच्या असतील, घाट तुमच्या आजोबांनी बांधला असेल, पण तळे कायद्याने नगरपालिकेकडे आहे, हे स्पष्ट झाले. हा मुद्दा सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखा आहे. पायरी तुमची असू शकते, म्हणून पाणी तुमचे होत नाही. बांध घातल्याने बांधाची मालकी मिळते, तळ्याची मिळत नाही.

उरला रूढीचा टेकू. मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. जून १९३१ मध्ये महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला. सवर्ण ठाण्याच्या कोर्टात अपिलात गेले, तिथे जानेवारी १९३३ मध्ये हरले. मग उच्च न्यायालयात गेले. तिथे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांच्यापुढे अपील चालले आणि १७ मार्च १९३७ ला फेटाळले गेले.

न्यायालयाची विचारसरणी आपण समजून घ्यावी अशी आहे. अलीकडच्या काळात अस्पृश्य तळ्यावर जात नव्हते, हे न्यायालयाला मान्य होते. पण 'जात नव्हते' याचा अर्थ 'जायला पहिल्यापासून मनाई होती' असा होत नाही. रूढी सिद्ध करायची तर ती स्मरणापलीकडच्या काळापासून चालत आलेली आहे हे दाखवावे लागते, आणि ते वादींना दाखवता आले नाही. इथे न्यायालयाने एक वाक्य लिहिले आहे, त्याचा आशय असा : तळ्याभोवती सवर्णांच्या घरांचा वेढा पडेपर्यंत हे पाणी केवळ आपल्यासाठी राखून ठेवण्याचा प्रयत्न कोणी केला असेल, हेच शंकास्पद आहे.

हे वाक्य मी अनेकदा वाचले. ज्याला 'अनादि रूढी' म्हणून मिरवले जात होते, ती घरे बांधली गेल्यानंतरची असावी, असे न्यायमूर्ती सुचवत होते. आधी काठावर घरे आली. मग घाट आले, बांध आले. मग 'आमचे पाणी' आले. आणि शेवटी त्याला धर्माचा शिक्का बसला. बहिष्काराला वेदांइतके जुने ठरवणाऱ्यांना हे उत्तर आहे. पुष्कळ ठिकाणी तो गावाच्या बांधकामाइतकाच जुना असतो.

एक प्रामाणिक कबुलीही द्यायला हवी. उच्च न्यायालयाने अस्पृश्यता बेकायदा ठरवली नाही. रूढी सिद्ध झाली असती तर ती न्याय्य की अन्याय्य हा प्रश्न पुढे आला असता. तो प्रश्न न्यायालयाने उघडलाच नाही, कारण रूढीच सिद्ध झाली नव्हती. तो प्रश्न कायमचा मिटवायला बाबासाहेबांना स्वतः संविधानाच्या मसुद्यावर बसावे लागले.

संविधानात 'घाट' हा शब्द आहे

संविधानाचे कलम १५ आपण सगळे सांगतो. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव नाही. पण त्याच कलमाचे दुसरे उपकलम काढून वाचा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापराबाबत कोणावरही यांपैकी कोणत्याही कारणाने बंधन घालता येणार नाही. कोणत्या विहिरी, कोणते घाट? जे संपूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखले जातात, किंवा जनतेच्या वापरासाठी वाहिलेले आहेत.

१९२३ च्या बोले ठरावाची कसोटी इथे पुन्हा भेटते. पैसा कोणाचा? आणि 'अंशतः' हा शब्द विसरू नका. घाटाच्या दुरुस्तीत सरकारचा थोडा पैसा गेला असला तरी तो सर्वांचा. त्यानंतर कलम १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली आणि १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने नदी, ओढा, झरा, विहीर, तलाव, नळ, स्नानघाट यांपासून अस्पृश्य म्हणून रोखणे हा गुन्हा ठरवला. हाच कायदा १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो.

आम्ही मराठवाड्याचे लोक हा इतिहास वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवतो. बोले ठराव मुंबई इलाख्याचा होता. महाडचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा होता. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते, सप्टेंबर १९४८ पर्यंत. १९३७ चा निकाल आमच्या आजा-आजीच्या पाणवठ्यापर्यंत पोचला नाही. आमच्यासाठी चवदार तळे खऱ्या अर्थाने खुले झाले ते २६ जानेवारी १९५० ला.

माझ्या आजीचे माहेर मांजरेच्या काठावरचे. ती सांगायची, गावाला वरच्या अंगाला फरसबंद पायऱ्या होत्या. आपल्या लोकांची जागा खालच्या अंगाला, जिथे वरचे धुणे, गुरे, घाण सगळे वाहत येई. तिथे पायरी नव्हती, नुसती चिखलाची घसरंडी. भरलेली घागर कमरेवर घेऊन चढताना पाय सरकला की घागर फुटे, आणि घरी गेल्यावर बोलणी खावी लागत. 'पाणी एकच होतं रे, पायरी नव्हती,' असे ती म्हणे. लहानपणी मला ते गाऱ्हाणे वाटे. महाडचा निकाल वाचल्यावर कळले की आजी साऱ्या खटल्याचे सार एका वाक्यात सांगत होती.

बांध घातला की धूप कुठे जाते?

आता काही मित्र म्हणतील, 'काठाला बांध नको का? घरे वाहून जाऊ द्यायची का?' प्रश्न योग्य आहे. बांध पाहिजे. पण बांध काय करतो, हे आधी समजून घेऊ.

आपल्याकडे गोदावरी, मांजरा, मन्याड, तेरणा यांच्या काठांवर पुष्कळ ठिकाणी काळी माती. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. पूर चढताना काठ सहसा टिकतो, तो ढासळतो पूर उतरताना. नदी झपाट्याने खाली जाते, पण मातीच्या पोटात शिरलेले पाणी तितक्या वेगाने बाहेर पडत नाही. ते आतून ढकलते आणि अख्खी दरड खाली बसते. म्हणून शहाणा बांधकाम करणारा भिंतीत पाणी निघायला छिद्रे ठेवतो, मागे खडी-वाळूचा थर देतो, पायाशी मोठे दगड टाकतो, उताराला दगडांचे पिचिंग करतो. जुन्या घाटांच्या पायऱ्याही हेच काम करत. त्या माणसाला खाली उतरवत आणि काठाला धरून ठेवत. ही विद्या पाथरवटांची, वडारांची, बेलदारांची. घाटावर नाव दात्याचे कोरले जाते, दगड घडवणाऱ्याचे नाही. तोही एक बहिष्कारच.

पण बांधाचा दुसरा गुण कोणी सांगत नाही. पाण्याचा जोर बांधाने नाहीसा होत नाही, तो दुसरीकडे वळतो. नदीच्या एका काठाला पक्की भिंत घातली की समोरच्या काठावर किंवा भिंत संपते तिथून पुढे मातीची धूप वाढू शकते. समुद्रावरही तेच. लाट कठीण भिंतीवर आदळून मागे फिरते, पायथ्याची वाळू घेऊन जाते, आणि बंधाऱ्याच्या टोकाला नवी धूप सुरू होते. मग तिथल्या लोकांना बंधारा हवा होतो, आणि त्यांच्या पुढच्यांना त्याच्याही पुढे. रत्नागिरीच्या मिऱ्यापासून कोकणातल्या कितीतरी गावांत धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांची मागणी दर पावसाळ्यात होते, ती उगीच नाही.

म्हणून भिंत कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हा प्रश्न इंजिनिअरचा आहे तसा समाजशास्त्राचाही आहे. भिंत संपते तिथे कोण राहते? नदीच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या तोंडाशी, पूररेषेच्या आत कोणाच्या वस्त्या आहेत? आजीच्या गावात खालचा अंग कोणाचा होता, ते मी वर सांगितले. गावाने आपल्याला जिथे बसवले ती जागा पाण्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट होती. आज वरच्या अंगाची मालमत्ता वाचवताना पाण्याचा जोर त्याच खालच्या अंगावर ढकलला जात असेल, तर त्याला विकास म्हणायचे की जुन्या गावकीचे नवे टेंडर?

नांदेडचा काठ, चैत्यभूमीचा काठ

नांदेडला गोदावरीचा काठ म्हणजे नगिना घाट, बंदाघाट, गोवर्धन घाट, उर्वशी घाट. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीची तीनशे वर्षे साजरी झाली, तेव्हा केंद्र आणि राज्याचा मोठा निधी शहरात आला, जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून कामे झाली, रस्ते रुंद झाले, नदीकाठाची कामे झाली. ज्या गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये जात न विचारता एका पंगतीत जेवण मिळते, त्याच्या निमित्ताने काठ सजला, याचा आनंदच आहे. तो निधी सार्वजनिक होता. मग बोले ठरावाच्या आणि कलम १५(२) च्या हिशोबाने तो काठही सार्वजनिक. त्यावर उद्या कोणी तिकीट लावले, फाटक लावले, 'सोसायटीच्या रहिवाशांसाठी' असा फलक लावला, तर आपण गप्प बसायचे कारण नाही.

'आता पाण्यावर कोण जात विचारतो?' असे विचारणारे आपल्यातही आहेत. त्यांना माझे सांगणे आहे की बघा, जात विचारण्याची पद्धत बदलली आहे. महाडला तरी कोण विचारत होते? घरांचा वेढाच उत्तर देत होता. आज जमिनीचा भाव उत्तर देतो. आणि पाणी आटले की काठच सरकतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला टाक्यांजवळ जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तेव्हा लातूरचा घाट म्हणजे टाकीचा नळ होता, आणि त्या नळापर्यंत कोण आधी पोचतो हा पुन्हा तोच प्रश्न होता.

आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही. तरी नांदेड-लातूरच्या कितीतरी माणसांनी आयुष्यात समुद्र पहिल्यांदा पाहिला तो सहा डिसेंबरला, दादरच्या चौपाटीवर. रात्रभर रेल्वेच्या डब्यात उभ्याने प्रवास करून, रांगेत तासन् तास थांबून, अभिवादन करून माणसे वाळूत येतात आणि पाण्याकडे बघत बसतात. ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले ते याच किनाऱ्यावर. ज्या माणसाला तळ्याच्या काठावर उभे राहू नये म्हणून कोर्टात खेचले, त्याचे शेवटचे दर्शन लाखो लोकांनी समुद्राच्या काठावर घेतले. ज्या शहरात समुद्र दिसणाऱ्या खिडकीला कोटींचा भाव आहे, त्या शहरात चैत्यभूमीचा किनारा बिनतिकिटाचा, बिनफाटकाचा राहिला पाहिजे. किनाऱ्याचे संरक्षण म्हणताना या किनाऱ्याचेही संरक्षण मनात असू द्या.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

भाषणे पुष्कळ झाली. आता कामाचे बोलू. तुमच्या गावात, शहरात नदीकाठी किंवा तलावाकाठी घाट, संरक्षक भिंत, सुशोभीकरण असे काही निघाले की माहितीच्या अधिकारात नकाशा मागा. भिंत कुठून कुठपर्यंत आहे ते बघा, आणि तिच्या टोकाला कोणती वस्ती आहे ते बघा. पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा मागा. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपल्या वस्तीला 'तुम्ही पूररेषेत आहात' म्हणून उठवले जात असेल, तर त्याच रेषेत उभ्या असलेल्या मंगल कार्यालयांचे आणि बंगल्यांचे काय, हे लेखी विचारा. काठाच्या जमिनीचा सातबारा आणि सिटी सर्व्हेचा उतारा काढा. आणि प्रत्येक भिंतीला ठरावीक अंतरावर पाण्यात उतरायची सार्वजनिक वाट हवी, ही मागणी ग्रामसभेत, प्रभाग सभेत नोंदवून घ्या. धुणे धुणाऱ्या बाईला, मासे धरणाऱ्या माणसाला, राख विसर्जित करायला आलेल्या कुटुंबाला पायरी हवी.

महाडचे वादी कागद घेऊन आले होते. बाबासाहेबांनी त्यांना कागदानेच उत्तर दिले. सव्वानऊ वर्षे, तीन कोर्टे, एक न डगमगणारी बाजू. वीस मार्चला पाण्याला हात लावताना आपण सतरा मार्चही आठवला पाहिजे. बाबासाहेबांनी पाण्यासोबत आपल्या हातात एक मोजपट्टीही दिली आहे. पैसा सर्वांचा असेल तर घाट सर्वांचा. आणि घाट खाजगी असला तरी पाणी सर्वांचेच.

आजी आता नाही. तिच्या माहेरी खालच्या अंगाला पायऱ्या झाल्या आहेत, ग्रामपंचायतीच्या पैशातून, सिमेंटच्या, थोड्या वाकड्या. मागच्या पावसाळ्यानंतर गेलो तेव्हा त्यातली शेवटची पायरी खचलेली होती. सरपंचाला अर्ज दिला आहे. पोच घेतली आहे.

जय भीम.